एकाच अक्षरातली वही

साताऱ्याला आमच्या घरी आईच्या कॉटशेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक दोनशेपानी वही लटकत असते. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती घरी आली त्या दिवशी वहिनीनं ती सुरू केली. दादा-वहिनी आईजवळ राहतात. मी पुण्याहून दर शनिवारी-रविवारी जायचे. धाकटा भाऊ जर्मनीत, त्याचा रोज न चुकता व्हिडिओ कॉल. आम्हा तिघांचाही आईवर फार जीव आहे. एका रविवारी दुपारी मी सहज ती वही उघडली.

‘रात्री १.४० लघवी. ३.१० लघवी. ४.२५ दरदरून घाम, बोलणं अडखळतंय, साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यातून दिली. ४.४० साखर ८१. ५.०० चहा-बिस्कीट. ५.३० चादर बदलली.’

मागची पानं उलटत गेले. अकरा आठवडे. बॉलपेनचा रंग बदलत होता, अक्षर बदलत नव्हतं. आणि ते अक्षर आम्हा तिघा भावंडांपैकी कोणाचंच नव्हतं.

आपल्याकडे काळजी ‘वाटते’, आणि मिठाईही आपण ‘वाटतो’. आम्हाला काळजी भरपूर वाटत होती. वाटून मात्र कोणीच घेतली नव्हती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. त्यात ही जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर टाकली आहे. सुनेचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. कायद्यानं जी धरलेली नाही, तीच बहुतेक घरांत पहाटे साडेचारला उठलेली असते. हे तुमच्याही घरात असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पहिलं काम म्हणजे सात दिवस फक्त लिहून काढायचं. सेवेत काय काय येतं याची यादी. ती करणाऱ्या व्यक्तीला करायला सांगू नका, कारण तिला त्यातली निम्मी कामं ‘कामं’ म्हणून दिसेनाशी झालेली असतात. दुसऱ्या कोणीतरी घरात राहून ती लिहावी. मी आठवडाभर रजा काढून साताऱ्याला बसले. गोळ्या, जेवण, अंघोळ ही ठळक कामं आम्हाला ठाऊकच होती. पण कवळी धुणं, कानातलं मशीन रात्री काढून ठेवणं, गोळीचे बरोबर दोन तुकडे करणं, पोट साफ झालं का ते रोज विचारणं आणि न झाल्यास त्यावर काहीतरी करणं, पायाची बोटं तपासणं (मधुमेह असेल तर हे रोज हवं), भेटायला आलेल्यांचा चहा, फिजिओ येईल तेव्हा घरी कोणीतरी असणं, आणि रात्री एक कान जागा ठेवून झोपणं. माझ्या यादीत बेचाळीस कामं झाली. शेवटच्या कामाचा तर कोणी विचारच केला नव्हता, आणि वहिनीला मोडत होतं ते तेच.

मग ही यादी घेऊन प्रत्येक कामापुढे एक प्रश्न विचारायचा. हे आई स्वतः करू शकते का? जे शक्य आहे ते तिच्याकडेच राहू द्या, वेळ लागला तरी. आई आजही मटार सोलते, कपड्यांच्या घड्या घालते, स्वतःची साखर स्वतः तपासते. आम्ही प्रेमापोटी तिच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं, आणि त्या काही आठवड्यांत ती जेवढी म्हातारी झाली तेवढी आधीच्या पाच वर्षांत झाली नव्हती. उरलेल्यांतलं कोणतं काम घरात असणाऱ्यानंच करायला हवं, कोणतं लांबून होईल, कोणतं पैसे देऊन करून घेता येईल आणि कोणतं शेजारी-पाजारी आनंदानं करतील, हे चार ढीग पाडले की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

ही बैठक आईच्या समोर घ्या. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाविषयीचे निर्णय बाजूच्या खोलीत, आवाज खाली करून होतात. आमच्या बैठकीत आईनं दोनच गोष्टी मागितल्या. अंघोळ मुलाच्या हातून नको, आणि उशाशी स्वतःच्या पैशांचं पाकीट हवं, नातवंडांना द्यायला कोणाकडे हात पसरायचा नाही. यांतलं एकही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

लांब राहणाऱ्यांना नक्की काय करायचं ते कळत नसतं, म्हणून ते सूचना करतात. ‘आईला प्रोटीन देता ना?’, ‘दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हवं.’ आम्ही एक नियम केला: ज्यानं सुचवलं, त्यानं ते काम अंगावर घ्यायचं. दुसरं मत हवं असेल तर रिपोर्ट गोळा करणं, पाठवणं, वेळ घेणं, सगळं त्यानंच. धाकट्या भावाकडे आता औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे दावे, बिलांचा हिशेब आणि फोनवर ताटकळत बसायची सगळी कामं आहेत. त्याचा कॉलही बदलला. पूर्वी तो पाच मिनिटं ‘कशी आहेस, जेवलीस का’ विचारायचा. आता आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो आईला तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवतो, आणि तेवढ्या वेळात दादा-वहिनी बाहेर पडतात.

माझी चूक तर याहून साधी होती. मी शनिवार-रविवार जायचे खरी, पण पाहुणी म्हणून. वहिनी माझ्यासाठी पुरणपोळी करायची! आता शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्री माझ्या असतात. वहिनी वरच्या खोलीत दार लावून झोपते. दादाच्या वाट्याला बुधवारची रात्र, गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं आणि दवाखान्याच्या फेऱ्या. मुलांना हे ‘जमत नाही’ असं आपण फार लवकर मान्य करतो. इन्सुलिन देणं दादा एका सकाळी शिकला.

पैशांचं बोलणं टाळू नका. आईच्या खर्चासाठी वेगळं खातं काढा आणि ज्याला जमेल तसं, पण दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे टाका. समान वाटणीचा हट्ट नको. कमाई समान नसते. जो जवळ राहतो त्याचे न मोजले जाणारे पैसेही धरा. वहिनी घरी शिकवण्या घ्यायची, त्या बंद पडल्या. ते उत्पन्न आम्ही हिशेबात धरलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्कम मोठी नव्हती, पण तिची मेहनत पहिल्यांदा कोणीतरी कागदावर मांडली होती.

आता डॉक्टरांकडे वळते. आईचे हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर तर चाळीस वर्षांचे. सगळे चांगले, पण एकाच्या चिठ्ठीत काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही. यादीच्या त्या आठवड्यात मी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि नावाखालचं बारीक अक्षर वाचलं. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी रोज पोटात जात होती. आई पडली ती त्यामुळेच, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण पडण्याआधी पंधरा दिवस उठताना चक्कर येते म्हणत होती. म्हणून दर तीन महिन्यांनी सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि दुकानातून आपल्या मनानं आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांना ‘यातलं काय बंद करता येईल?’ हा प्रश्न विचारा. वहीत दिसणारी पहाटेची साखरही अशीच होती. शस्त्रक्रियेनंतर आईचं जेवण निम्म्यावर आलं होतं आणि इन्सुलिन पूर्वीइतकंच चालू होतं. ते पान डॉक्टरांना दाखवल्यावर मात्रा त्याच दिवशी कमी झाली. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागली, रात्रभर जागी, दिवसा गुंगीत, घरातल्यांना ओळखेना, तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर, नवीन सुरू झालेलं औषध, साधी बद्धकोष्ठता, यांतलं काहीही असू शकतं, आणि बहुतेक वेळा ते उपचारांनी बरं होतं. त्याच दिवशी दाखवा. स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत येत नाही.

पगारी मदत घेताना लोक सर्वांत जास्त फसतात ते नावांत. ब्युरोतून येणाऱ्या बहुतेक मावशी किंवा मामा हे अटेंडंट असतात. अंघोळ, डायपर, भरवणं, चालवणं ही त्यांची कामं. इंजेक्शन, कॅथेटर बदलणं, नाकातल्या नळीची निगा यांसाठी शिकलेली नर्सच हवी. ‘सिस्टर पाठवतो’ एवढ्यावर भागवू नका. शिक्षण काय, प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. बारा तासांची की चोवीस तासांची, सुट्टी कधी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, ब्युरोचं कमिशन महिन्याला की एकदाच, हे आधी लिहून घ्या. ओळखपत्राची प्रत ठेवा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. पहिले तीन दिवस घरातल्या कोणीतरी तिच्या बरोबरीनं काम करावं.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी कोरेगावच्या बाजूच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं की आईला उठवताना दंडाला धरून ओढायचं नाही. तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवायचे, हात तिच्या कमरेमागे नेऊन कमरेला बांधलेला पट्टा धरायचा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिलाच उठू द्यायचं. आई अंथरुणाला खिळलेली असताना दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड, खुबा आणि टाचा रोज उजेडात बघणं, लाल डाग दिसला की तिथे न चोळणं, हेही त्यांच्याकडूनच शिकले. या बायांना आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार, गरम जेवण आणि झोपायला नीट जागा द्या. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी राहणारी बाई नव्हे. आणि तिच्यावर घरभर केर-भांडी टाकू नका, नाहीतर आईचं करायला ठेवलेली बाई ओट्याशीच अडकते.

आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तर ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य शेवटचं मानू नका. वेदना, दम लागणं, मळमळ, भीती यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यासाठी परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर असतात. पुण्यात वारज्याला कर्करोगाच्या रुग्णांसाठीचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देत आलं आहे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यानं एक पाऊल पुढे टाकलं. तिथे शेजारच्याच लोकांनी आठवड्याला दोन-दोन तास देऊन, थोडं प्रशिक्षण घेऊन, गावातल्या अंथरुणावरच्या रुग्णांची जबाबदारी घेतली. गवंडी, शिक्षक, विद्यार्थी, रिक्षावाले. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच केलं. आपल्या गल्लीत असं का होऊ नये, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

निदान छोट्या मापात ते होतं, हे मी पाहिलंय. ‘काही लागलं तर सांगा’ असं सगळेच म्हणतात आणि आपण ‘हो हो’ म्हणून गप्प बसतो. त्याऐवजी नेमकं मागा. शाहूपुरीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना म्हटलं, ‘मंगळवारी अकरा ते बारा आईजवळ बसाल का?’ त्या खूश झाल्या. त्यांनाही बोलायला कोणी हवं होतं. समोरच्या मेडिकलवाल्याकडे आमचे तिघांचे नंबर आहेत. दूधवाल्याला सांगून ठेवलंय की पिशवी सात वाजता उचललेली दिसली नाही तर बेल वाजवायची. कॉलेजात जाणारा एक मुलगा रविवारी आईला व्हीलचेअरवरून अजिंक्यतारा दिसेल अशा कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ सहलींपुरते नसतात. अंथरुणावर असलेल्या सभासदाकडे आठवड्यातून एकदा दोघांनी जायचं, एवढं त्यांना सुचवून पाहा. खेड्यात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांची ओळख करून घ्या, आणि पोस्टमनचीही: इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन हयातीचा दाखला घरी येऊन काढून देतात. एकटे राहणारे, छळ होणारे किंवा नुसतीच माहिती हवी असलेले ज्येष्ठ १४५६७ या एल्डरलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन करू शकतात. हा नंबर मोठ्या अक्षरात आईच्या फोनशेजारी चिकटवा.

कागदपत्रांची कामं आई-वडील हिंडते-फिरते असतानाच करा. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. पण भारतीय करार कायद्याप्रमाणे ते करून देणारी व्यक्ती समज गमावून बसली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग पालक नेमून घेण्यासाठी बहुतेकदा न्यायालयात जावं लागतं. त्यापेक्षा आईचं खातं तिच्या संमतीनं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीनं संयुक्त करून ठेवणं बरं. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना दिली आहे. शाखेत ती मागा. सत्तरी झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर होतात. ओपीडीची औषधं त्यात येत नाहीत. कार्ड आधारवर निघतं, तेव्हा आधारवरचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच तपासा.

घर मुलांच्या नावावर करून देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: बक्षीसपत्रातच ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहा. २००७च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर न्यायाधिकरण, आपल्याकडे प्रांत, ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अटच लिहिलेली नसेल तर वाट फार बिकट होते. आणि व्हेंटिलेटर हवा की नको, याविषयीची इच्छाही आई-वडिलांना विचारा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आम्हाला वाटलं होतं आई हा विषय काढल्यावर खचेल. ती म्हणाली, ‘बरं झालं विचारलंत, मी कधीची सांगेन म्हणत होते.’

काही घरांत इतकं सगळं करूनही घरी निभत नाही. वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा निर्णय घेणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. फक्त न कळवता, जेवणाच्या वेळी आणि पुन्हा एकदा रात्री नऊनंतर तिथे जाऊन या. वास घ्या, हाक मारल्यावर कोणी किती वेळात येतं ते बघा, आणि आईला आधी आठवडाभर राहून पाहू द्या. नेऊन ठेवल्यावर भेटीचे वार ठरवा आणि पाळा.

गेल्या दिवाळीनंतर वहिनी आठ दिवस माहेरी, कोल्हापूरला गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. किरकोळ गोष्टींसाठी तिला फोन करायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. तिसऱ्या रात्री आई दोनला उठली आणि काही केल्या झोपेना. पाय दुखतात म्हणे, पण कुठे ते सांगता येईना. मी फोन हातात घेतला, खाली ठेवला आणि वही उघडली. मागच्या कव्हराच्या आत वहिनीनं जाण्याआधी लिहून ठेवलं होतं: ‘रात्री पाय दुखतात म्हणाल्या तर आधी मोजे बघा. डाव्या मोज्याचं रबर घट्ट आहे. मोजा काढायचा, पाच मिनिटं हात फिरवायचा, दिवा बंद करायचा नाही.’

मोजा काढला. घोट्याच्या वर लाल वळ उठला होता. वहिनीच्या ओळींखाली मी वेळ लिहिली आणि माझं नाव.